वांकाबापांचा हुंकार

वागडातल्या धोरी वांढीत, म्हणजे रबारी मेंढपाळांच्या वस्तीत, वांकाबापांच्या घरात वेजू सून म्हणून आली त्याला तप उलटून गेलं, पण तिचा आवाज कसा आहे हे सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. रबाऱ्यांच्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड दाखवत नाही आणि तोंड उघडतही नाही, एवढी साधी गोष्ट. बापा फाटकाशी आले की मोठ्यानं खाकरायचे. ते खाकरणं कानावर पडलं की वेजूचा हात आपोआप डोक्यावरच्या काळ्या लोकरी लुडीकडे जायचा, लुडी हनुवटीपर्यंत उतरायची, आणि तोंडातलं वाक्य जिथं असेल तिथं तुटायचं. इतक्या वर्षांतल्या त्या अर्ध्या वाक्यांचं गाठोडं बांधलं असतं तर उंटावर मावलं नसतं.

बापांना सुनेला काही सांगायचं झालं तर ते झमकूमाला सांगायचे, म्हणजे आपल्या बायकोला. "हिला सांग, काळ्या शेळीचं करडू बांधून ठेव." 'ही' चार हातांवर उभी असायची, सगळं ऐकलेलं असायचं. तरी झमकूमा मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. कंटाळा आला तर म्हणायच्या, "ऐकलंस ना? मग माझं तोंड कशाला दुखवू."

मालधारी मंडळाचं, म्हणजे जनावरं पाळणाऱ्यांच्या संघाचं, ऑफिस तालुक्याच्या गावी होतं. मंडळानं वांढीवांढीतून एकेक बाई निवडून तिला शेळ्यामेंढ्यांचं औषधपाणी शिकवलं होतं. धोरी वांढीतून वेजू गेली. बापांनी हरकत घेतली नाही. बायकांनी बायकांच्या वाड्यात जाऊन जंताचं औषध पाजलं तर कुणाचं काय जातं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण लशीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. लस टोचली की दूध आटतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि वांकाबापांच्या डोक्यात बसलेली गोष्ट म्हणजे खारात रुतलेला उंट. बापा जे म्हणतील ते वांढ करणार.

आणि मग एका हिवाळ्यात शेळ्यांत बुळकांडीची साथ आली. अर्धा वाडा रिकामा झाला. शेळ्यांच्या डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, तोंडात फोड, आणि बापा एकेकीच्या गळ्यात हात टाकून रात्रंदिवस बसलेले. वेजू लुडीआडून बघत होती. लस वेळेवर टोचली असती तर यातलं काही झालं नसतं हे तिला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. झमकूमाच्या तोंडून सांगून पाहिलं, तर बापा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं." खरंच होतं, झमकूमाला काही कळत नव्हतं. जिला कळत होतं तिच्या तोंडाला कुलूप होतं. त्या दिवसांत वेजू चुलीपाशी बसून खूप रडली.

आता मंडळाच्या व्हिडिओंबद्दल सांगायला हवं. मंडळाचं काम मोठं, पण जगाला ते कळावं म्हणून सेक्रेटरी प्रवीणभाई जे व्हिडिओ टाकायचे त्यांच्यात नुसते प्रवीणभाई असायचे. ऑफिसच्या पाटीसमोर इस्त्रीच्या शर्टात उभे राहून ते मंडळाचा इतिहास सांगायचे. मागे पाहुण्यांचे सत्कार, हार, नारळ. शेळी म्हणाल तर औषधाला नाही. बघणारे कोण, तर ऑफिसातलेच लोक, तेही प्रवीणभाई समोर उभे असताना.

शेवटी अहमदाबादहून फोरमबेन नावाची मुलगी शिकवायला आली. बारीक अंगाची, घाईनं बोलणारी, पण कामात पक्की. तिनं प्रवीणभाईंना मागच्या रांगेत बसवलं आणि औषधपाणी करणाऱ्या बायकांच्या हातात फोन दिले. म्हणाली, मंडळाची स्तुती मंडळानं करू नये. बघणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट सांगा, एकच, आणि ती सुरुवातीलाच सांगा, कारण पहिल्या चार वाक्यांत माणूस थांबला नाही तर तो पुढे निघून जातो. सूर्य पाठीशी नको, उजेड कामावर पडू दे. चित्र हललं तर लोक चालवून घेतात, आवाज नीट नसेल तर नाही. वागडातल्या वाऱ्यापुढे मात्र तिची मात्रा चालेना, नुसती घोंघों ऐकू यायची. तेव्हा वेजूनं मेंढीच्या लोकरीचा पुंजका काढून फोनच्या खालच्या भोकावर दोऱ्यानं बांधला. वारा गप्प. फोरमबेन म्हणाली की शहरात याच कामाला केसाळ टोपी विकत मिळते आणि ती भलती महाग असते, त्यावर सगळ्या बायका पोट धरून हसल्या.

चेहरा दाखवणार नाही असं वेजूनं आधीच सांगून टाकलं होतं. फोरमबेन म्हणाली, हरकत नाही, हात दाखव. हातावरचं गोंदण, हस्तिदंती रंगाचे चुडे, आणि शेळी. आवाज तुझा.

शेवटच्या दिवशी तिनं एक गोष्ट सांगितली ती वेजूच्या मनात रुतून बसली. "हजार जणांशी बोलू नका," ती म्हणाली. "एकाच माणसाशी बोला. ज्याला काही सांगायचं राहून गेलंय, असा एक जण मनात धरा आणि त्याच्याशी बोला."

कुणी आईला मनात धरलं, कुणी परदेशात गेलेल्या भावाला. वेजूनं डोळे मिटले आणि समोर आले वांकाबापा, मेलेल्या शेळीच्या गळ्यात हात टाकून बसलेले. ती स्वतःच दचकली. पण मग तिनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "बापा, शेळी लंगडायला लागली की आधी खूर उचलून बघा." आवाज असा निघाला की प्रवीणभाईसुद्धा खुर्चीत सरळ बसले.

घरी झमकूमाला सगळं माहीत होतं. नवरा भीमा मोठा कळप घेऊन वर्षातले आठ महिने बाहेरच, त्यालाही माहीत होतं. तो फोनवर म्हणाला, "बापांना कोण सांगणार? मी तर नाही." झमकूमा म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तर सांगेन. विचारलं नाही तर मी कशाला सांगू?"

वेजूनं सांभाळलं किती म्हणून सांगू. बापांना आपल्या शेळ्या कानाच्या टोकावरून ओळखू येतात, म्हणून घरची शेळी कधी व्हिडिओत घेतली नाही. घरची भिंत नको, घरची दोरी नको, घरची घमेली नको. लांब बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला दुसऱ्यांचा वाडा असायचा तिथं जाऊन काम करायचं. हातांची भीती नव्हती. त्या हातची भाकरी बापा रोज खात होते, पण सुनेच्या हाताकडे त्यांनी कधी नजर वर करून पाहिलं नव्हतं, आणि तसलं गोंदण तर वांढीतल्या सगळ्याच बायकांच्या हातावर.

वांढीतल्याच हमीरबापांच्या मुलानं सुरतेहून मोठा फोन पाठवला होता. लिंबाच्या पारावर संध्याकाळी म्हातारे त्या फोनभोवती बसायचे. एकदा त्यात वेजूचा खुरांचा व्हिडिओ आला आणि वांकाबापा तिथंच खिळले. बाई बोलत होती आणि "बापा, बापा" म्हणत होती, जणू त्यांनाच सांगत होती. आता पारावरची रीत अशी, की कुणी काही सांगायला बसलं की समोरच्यानं वाक्यावाक्याला "हां" म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार नसेल तर सांगणाऱ्याचं मन लागत नाही. सगळ्या वागडात वांकाबापांसारखा हुंकार देणारा दुसरा नव्हता. ते फोनलाच हुंकार देऊ लागले. "आधी खूर उचलून बघा." "हां." "चिखल काढा, मग बघा." "हां, बेटा." हमीरबापा हसून म्हणाले की अरे तिला ऐकू जात नाही. बापा म्हणाले, न जाऊ दे, रीत ती रीत.

घरी येऊन बशीत चहा ओतता ओतता ते झमकूमाला त्या बाईबद्दल सांगू लागले. काय समज, काय बोलणं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आतल्या खोलीत वेजू भांडी विसळत होती, तिचे हात तिथंच थांबले. मग बापा म्हणाले, "कुणाच्या घरची असेल? नशीबवान सासरा. आपल्या हिलाही ऐकव म्हणावं कधी, चार गोष्टी शिकेल तरी."

झमकूमानं पदर तोंडात कोंबला म्हणून बरं. म्हणाल्या, "असेल कुणाच्या तरी घरची."

पुढे तर बापांनी कहरच केला. लग्नाकार्याला, मर्तिकाला जिथं जातील तिथं चौकशी, की ती शेळ्यांची बेन कुठल्या वांढीची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. वेजूला हसू यायचं आणि पाठोपाठ भीतीही वाटायची. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी काय? "आजपासून बंद" एवढे दोन शब्द बापांनी झमकूमाला सांगितले की खेळ संपला. तिचा आवाज परत चुलीपाशी. आणि आता तर त्या आवाजाची तिला सवय झाली होती. लांबलांबच्या वांढीतून निरोप यायचे, बेन, तू सांगितलंस तसं केलं, शेळी उठली. इतका अभिमान तिला जन्मात कधी वाटला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

यंदा सोमवारी लशीचं शिबिर ठरलं, तेही धोरी वांढीतच. वेजूला लशीचा व्हिडिओ करायचा होता. सगळ्यांत अवघड व्हिडिओ, कारण ऐकणारा मनातला तोच माणूस. शनिवारी वाऱ्यानं धूळ अशी उठवली की लांबच्या वाड्यात उभं राहता येईना. बापा शेजारच्या गावी मर्तिकाला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. तेव्हा वेजूनं हमीरबापांच्या सुनेची, गोमतीची शेळी मागून आणली, घरच्या अंगणात गोणपाटाचा आडोसा लावला आणि सुरुवात केली. "बापा, लस टोचली म्हणून दूध आटत नाही. दूध आटतं ते..."

फाटकाशी खाकरणं झालं. बापा लवकर परतले होते. वाक्य तुटलं, लुडी उतरली, शेळी गोणपाटाआड गेली. बापा आपल्या खाटेकडे गेले आणि पाणी मागू लागले. त्यांनी काही पाहिलं नाही. वेजूनं उरलेलं वाक्य नंतर गोमतीच्या वाड्यात पुरं केलं, "...ते तापानं," आणि फोनवरच दोन्ही तुकडे जोडले. मधली शांतता कापली, लुडीची सळसळ कापली. शेळी परकी, भिंत गोणपाटानं झाकलेली. सगळं पुन्हा एकदा पाहिलं आणि अहमदाबादला पाठवून दिलं. फोरमबेननंही पाहिलं आणि गावातले आवाज राहिले की बरं वाटतं असं म्हणून चढवून टाकलं.

राहिलं काय, तर बापांचं खाकरणं. तुम्ही म्हणाल, एवढी हुशार बाई आणि हे तिला ऐकू आलं नाही? नाहीच आलं. दिवसातून दहादा कानावर पडणारं ते खाकरणं तिच्या लेखी आवाजच नव्हता. ते ऐकून हात हलायचा, कानाला काही कळायचंच नाही. अहमदाबादच्या मुलीला तर ते कुणाही म्हाताऱ्याचं खाकरणं.

पण वांढीत कुठला म्हातारा कसा खाकरतो हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. त्या संध्याकाळी गोमती धापा टाकत आली आणि सांगू लागली. पारावर व्हिडिओ लागला, बापा हुंकार देत होते. "लस टोचली म्हणून दूध आटत नाही." "हां." "दूध आटतं ते," आणि फोनमधून वांकाबापाच खाकरले. आणि बाईचं वाक्य तिथंच तुटलं. खाकरल्यावर बाई गप्प होते ती कुणाची सून असते, हे पारावर कुणाला समजावून सांगायला नको होतं. सगळी पागोटी एकदम बापांकडे वळली. हमीरबापा म्हणाले, "वांका, त्या बेनच्या अंगणात तू कसा रे शिरलास?" बापांनी काठी उचलली आणि ते उठले.

इतक्यात फाटकाशी खाकरणं झालं. तिनं लुडी ओढली आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली.

बापा खाटेवर बसले. चहा आला तो तसाच निवला. त्यांनी विचारलं, केव्हापासून चाललंय हे. झमकूमानं सांगितलं. मग बापा म्हणाले, "चार गावांत विचारत फिरलो मी. कुणाच्या घरची म्हणून."

"घरात नाही विचारलंत," झमकूमा म्हणाल्या.

बापांचा राग ओरडण्याचा नव्हता, गप्प बसण्याचा होता, आणि तो जास्त वाईट. रात्री जेवणात भाकरी मोडून ठेवली, खाल्ली नाही. सकाळी काठी घेऊन निघून गेले, झमकूमाला एक शब्द बोलले नाहीत. ना हो, ना नाही. माणसाचा जीव टांगणीला लावायचा म्हणजे याहून वेगळं काय करतात?

वेजूनं फोन गोधड्यांच्या थरात खुपसून ठेवला. प्रवीणभाईंचा दोनदा फोन आला. शिबिर उद्यावर आलं होतं. टोचल्यानंतर जनावराची काळजी कशी घ्यायची ते सांगायचा व्हिडिओ राहिला होता, आणि तो नाही आला तर लांबच्या वांढीतले लोक टोचून घेऊन त्याच दिवशी कळप खाऱ्या रणात हाकतील. ती झमकूमाला म्हणाली, मला नाही जमायचं. बापांनी नको म्हणण्याआधी मीच थांबते, त्यांच्या शब्दाला तरी मान राहील.

झमकूमानं गोधड्या उपसल्या, फोन काढला आणि तिच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "नको म्हणायचं असतं तर कालच म्हणाले असते. माझा संसार झालाय त्यांच्याशी. आणि आता वाड्यात लपायला जायचं नाही. घरच्या अंगणात, घरच्या शेळीवर कर."

ऊन उतरायला लागलं होतं. वेजूनं घरचीच काळी शेळी समोर घेतली, लोकरीचा पुंजका नीट केला, लुडी पुढे ओढली आणि सुरुवात केली. गल्लीच्या टोकाला चरून परतणाऱ्या कळपाच्या घंटा वाजत होत्या. ती मनात म्हणाली, झालं, आता आवाजाची माती होणार. पण घंटा जवळ येता येता थांबल्या. कळप दुसऱ्या वाटेनं गेला असेल म्हणून ती बोलत राहिली. टोचल्या जागी गाठ आली तर घाबरू नका, बापा, ती जिरते. दोन दिवस लांब चारायला नेऊ नका. पाणी घरीच पाजा. गाभण असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

सांगायचं ते संपलं. फोन बंद करायला तिनं हात पुढे केला आणि तसाच राहू दिला.

"चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला, बापा," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात मला सगळं माहीत होतं आणि सांगता आलं नाही. तुम्ही शेळीच्या गळ्यात हात टाकून बसला होतात ते मला अजून दिसतं. पुन्हा तसं बघायचं नव्हतं, म्हणून सांगितलं. ऐकलंत ना?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "हां, बेटा."

मग थोडं थांबून, रीतीप्रमाणे, फाटकाशी खाकरणं झालं. तिनं लुडी हनुवटीपर्यंत ओढली. बापा आत आले. त्यांच्यापुढे घरच्या कळपाची म्होरकी मेंढी होती, आणि तिच्या गळ्यातली मोठी घंटा बापांनी मुठीत घट्ट आवळून धरली होती. मागे गल्लीत सगळा कळप गप्प उभा. किती वेळ ते असे वाकून उभे होते कोण जाणे, म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडली असेल. अंगणात आल्यावर त्यांनी मूठ सोडली आणि घंटा वाजली.

खाटेवर टेकत ते झमकूमाला म्हणाले, "हिला सांग, चहा ठेव. आणि सांग, दूध तापानंच आटतं. माझंच चुकलं."

झमकूमानं मान वळवली, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पहिल्यांदाच निरोप त्यांच्याकडून पोचवला गेला नाही. वेजूनं लुडीआडून डोळे पुसले आणि चहा ठेवला.

सोमवारी शिबिरात सगळ्यांत आधी वांकाबापांचा कळप उभा होता, आणि त्यामागे अख्खी वांढ. हमीरबापांनी पुन्हा चिडवून पाहिलं, काय वांका, सापडली का ती बेन? बापांनी पागोटं सारखं केलं आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, "माझ्या घरची आहे. तुझ्या घरात आहे का अशी कुणी?"

त्याच दिवशी अहमदाबादहून फोरमबेनचा फोन आला. व्हिडिओ छान झालाय, म्हणाली, आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला. फक्त शेवटी कुणीतरी पुरुष मध्येच "हां, बेटा" म्हणतोय, तेवढं कापून टाकते.

वेजू अंगणात उभी होती. खाटेवर बापा ऐकू येईल इतक्या अंतरावर बसलेले होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते. लुडी तिच्या तोंडावर होतीच. पण ती बोलली, सासरी आल्यापासून पहिल्यांदा बापांच्या समोर, त्यांना ऐकू जाईल अशी.

"ते कापायचं नाही, बेन," ती म्हणाली. "ते माझे सासरे आहेत."